दूध पिताना घामाने भिजणारं बाळ: डावी करोनरी कुठून निघते ते पाहिलं का?

सातरस्ता (धागाकर्ता)

सोलापुरात मार्च लागला की पारा चाळिशीकडे धावतो. मग दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या कपाळावरच्या घामाकडे कुणी वळूनही बघत नाही. 'ऊन आहे, घाम येणारच.' धागा त्या घामासाठी काढला आहे.

आजाराचं नाव अल्कापा. डावी करोनरी धमनी (हृदयाच्या स्नायूलाच रक्त देणाऱ्या दोन धमन्यांपैकी एक) महाधमनीतून निघायला हवी, ती इथे फुप्फुसधमनीतून निघते. साधारण तीन लाख जन्मांमागे एक बाळ. १९३३ साली ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तिघांनी बोस्टनमध्ये असं एक बाळ इसीजीसह वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत तिघांच्या नावाने सापडतो.

पहिले काही आठवडे बाळ ठणठणीत दिसतं, आणि फसगत तिथेच होते. जन्माच्या वेळी फुप्फुसधमनीतला दाब महाधमनीच्या जवळपास असतो, त्यामुळे रक्त अशुद्ध असलं तरी डाव्या करोनरीत ढकललं जातं. सहा ते आठ आठवड्यांत फुप्फुसांचा अडसर उतरतो, दाब पडतो आणि डाव्या करोनरीतला प्रवाह उलटा फिरतो. उजवी करोनरी जोडवाहिन्यांतून डावीला रक्त पुरवते आणि डावी ते स्नायूला न देता फुप्फुसधमनीत ओतून टाकते. नळाला पाणी आहे, पण पाइप मध्येच गटारीत फुटलाय, तसं. डाव्या कप्प्याचा स्नायू उपाशी राहतो, कप्पा फुगतो, मायट्रल झडपेला आधार देणारे स्नायू मरतात आणि झडप गळू लागते. शस्त्रक्रिया झाली नाही तर सुमारे ९० टक्के बाळं वर्षाच्या आत जातात. वेळेत झाली तर तेच हृदय बहुतेकदा पूर्ववत होतं. बालहृदयरोगात इतकी परतफेड देणारे आजार थोडे.

माझा मुद्दा एकच: बाळाचं हृदय मोठं आणि कमजोर आहे, मायट्रल गळतेय, आणि रिपोर्टवर 'डायलेटेड कार्डिओमायोपथी' (हृदयाचा स्नायूच फुगून कमजोर होण्याचा आजार) लिहिलंय, तर डाव्या करोनरीचा उगम डोळ्यांनी दिसला का, हे विचारल्याशिवाय ते लेबल स्वीकारू नका.

कडकभाकरी

तालुक्याच्या ओपीडीतून लिहिते. घामातला फरक असा पाहायचा. उन्हाचा घाम मान, पाठ, काखेत येतो, पंख्याखाली सुकतो आणि बाळाचं अंग गरम लागतं. हृदयाचा घाम कपाळावर आणि वरच्या ओठावर येतो, दूध ओढायला लागल्यावर येतो आणि हाताला गार लागतो. सोबत चेहरा पांढराफटक. दोन मिनिटं ओढून बाळ सोडतं, धापा टाकतं, कळवळून रडतं, परत ओढतं. एका वेळच्या दुधाला अर्ध्या तासाच्या वर.

हे रडणं पोटशूळ म्हणून खपतं. मग घुटी, ओव्याचा शेक, दृष्ट काढणं. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पण आधी वजन करा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दोन आठवड्यांत १०० ग्रॅमही नसेल तर पोटशूळ हे उत्तर नव्हे, कारण पोटशूळाची बाळं दणकून वाढतात.

मग श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर ५० किंवा जास्त म्हणजे जलद. यकृत बरगडीखाली तीन सेंटिमीटर लागतंय का? मांडीतली नाडी लागतेय का? शेवटचं चुकवू नका. महाधमनी अरुंद असली तरीही हेच चित्र दिसतं आणि ते बोटांनी कळतं.

छातीच्या एक्स-रेवर मोठं हृदय आणि पांढुरकी फुप्फुसं पाहून न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स सुरू होतात. ताप नाही, खोकला नाही, दोन कोर्स झाले तरी श्वास तसाच: मग हृदयाकडे वळा.

विजापूरवेस

प्रसूतिगृहात हल्ली पायाला क्लिप लावून ऑक्सिजन तपासतात. त्यात सापडत नाही का?

सातरस्ता

नाही. अल्कापात निळं रक्त शरीरात मिसळत नाही, त्यामुळे ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. गर्भातल्या सोनोग्राफीतही सहसा निसटतो, कारण तेव्हा प्रवाह उलटलेला नसतो. 'जन्माच्या वेळी सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या' याने इथे काहीच सिद्ध होत नाही. मर्मरही (स्टेथोस्कोपवरचा हृदयाचा जादा आवाज) नसू शकतो.

नंदीध्वज

इसीजी तंत्रज्ञ. या आजारात इसीजीची स्वस्तातली पट्टी महागड्या तपासणीची दिशा ठरवते, म्हणून सविस्तर.

पाहायचं ते लीड १ आणि एव्हीएलमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणाऱ्या इसीजीच्या ओळी; या दोन डाव्या बाजूच्या). तिथे खोल (३ मिलिमीटरहून जास्त) आणि रुंद (३० मिलिसेकंदाहून जास्त) क्यू लाट (ठोक्याच्या सुरुवातीचा खाली जाणारा खड्डा), सोबत बहुधा छातीवरच्या व्ही ४ ते व्ही ६ मध्येही. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये मात्र क्यू नसते. उलट, निरोगी तान्ह्या बाळात लीड ३ मध्ये खोल क्यू चालते. म्हणजे क्यू आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं.

आता गोंधळ कुठे होतो. उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड १ उलटी होते आणि एव्हीएलच्या जागी एव्हीआर छापली जाते. मग पट्टीवर भयानक क्यू दिसते आणि सगळे घाबरतात. ओळखायची खूण: लीड १ मध्ये पी लाटही उलटी असेल तर आधी वायरी तपासा. दुसरं, मोठ्यांचे सक्शन कप बाळाच्या छातीवर एकमेकांना चिकटतात आणि जेली एकत्र झाली की व्ही २ ते व्ही ५ सगळ्या सारख्याच दिसतात. लहान मुलांचे चिकट इलेक्ट्रोड वापरा, नसतील तर मोठे कापून अर्धे करा. वेग २५, उंची १० मिलिमीटरला एक मिलिव्होल्ट. मशीनने उंची आपोआप अर्धी केली असेल तर तीन मिलिमीटरची क्यू दीड दिसेल. कोपऱ्यातला आकडा वाचायची सवय लावा.

मशीनचा छापील निष्कर्ष बाळासाठी वाचूच नका.

कडकभाकरी

+१. एक भर: इसीजी नॉर्मल म्हणजे अल्कापा नाही, असं धरू नका. उत्तम जोडवाहिन्या असलेल्या थोड्या मुलांत क्यू येत नाही. ती मुलं मोठी होतात, आणि खेळताना कोसळणं हे पहिलं लक्षण असू शकतं.

हिप्परगा

कॅल्शियम कुणीच कसं काढलं नाही? आईत ड जीवनसत्त्व कमी, बाळ अंगावर पितं, थेंब दिलेले नाहीत. अशा बाळाचं कॅल्शियम घसरलं की हृदय हुबेहूब असंच फुगतं आणि इसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्याच्या विजेचा कालावधी) लांबते. ते औषधाने सुधारतं, ऑपरेशन लागत नाही. रक्तातलं आयनित कॅल्शियम पहिल्याच नळीत पाठवा. ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलेलं असलं तरी अल्कापा की मायोकार्डायटिस (हृदयस्नायूची सूज) हे त्याने ठरत नाही.

सातरस्ता

बरोबर. यादीत तेही हवं आणि अखंड धावणारी नाडीही. मिनिटाला २२० च्या पुढे ठोके आठवडाभर चालले तरी कप्पा फुगतो.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नुसतं 'पंपिंग २५ टक्के' लिहून थांबलेला रिपोर्ट अर्धवट आहे.

महाधमनीच्या मुळाचा आडवा छेद घ्या. डावी करोनरी महाधमनीला चिकटलेली दिसते आणि परीक्षक समाधानाने पुढे जातो. सापळा तोच आहे. महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या मागच्या फटीची रेघ करोनरीच्या तोंडासारखी दिसते. म्हणून काळ्या-पांढऱ्या चित्रावर विश्वास ठेवू नका, रंग (प्रवाहाची दिशा दाखवणारा डॉपलर) लावा आणि वेगमर्यादा २० ते ३० सेंटिमीटर प्रतिसेकंदावर आणा. नेहमीच्या ६०-७० वर करोनरीचा प्रवाह दिसतच नाही. त्या छेदात डाव्या करोनरीच्या समोरच्या फांदीतलं रक्त महाधमनीपासून दूर, प्रोबकडे यायला हवं, म्हणजे सहसा लाल. ते निळं, उलटं चाललं असेल तर निदान जवळपास झालंच.

बाकी खुणा: उजवी करोनरी फुगलेली (महाधमनीच्या कड्याच्या व्यासाशी तिचं प्रमाण ०.२ च्या वर गेलं की संशय), मायट्रलचे आधारस्नायू पांढरे चकचकीत, मधल्या पडद्यात जोडवाहिन्यांचे रंगीत ठिपके, आणि फुप्फुसधमनीत डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडताना) शिरणारी बारीक धार. ती धार पीडीए (जन्मानंतर बंद व्हायची, पण उघडी राहिलेली वाहिनी) म्हणून लिहिली जाते. पीडीएची धार फुप्फुसधमनीच्या फाट्याजवळ येते, ही झडपेच्या थोडीच वर, भिंतीतून.

फुप्फुसाचा दाब अजून चढा असेल तर प्रवाह धड इकडे ना तिकडे, आणि काहीच दिसत नाही. संशय असेल तर आठवड्याभरात पुन्हा इको करा.

विजापूरवेस

इकोला बाळ हलतं म्हणून झोपेचं औषध देतात. चालतं का?

सातरस्ता

कमजोर हृदयाच्या बाळाला गाढ झोपवणं धोक्याचं. दूध पाजा, गुंडाळा, खोली उबदार आणि अंधारी ठेवा, जेल कोमट करा. तरी जमलं नाही तर भूलतज्ज्ञ समोर असतानाच.

शेंगापोळी

सीटी विभागातून. इकोत उगम स्पष्ट दिसला तर थेट ऑपरेशन होतं; शंका असेल तर सीटी अँजिओ. कॉन्ट्रास्ट (वाहिन्या चित्रात उजळवणारं औषध) किलोला दीड ते दोन मिली, म्हणजे चार किलोच्या बाळाला आठ मिलीच्या आत, मागून सलाइनचा फ्लश. २४ नंबरची सुई डाव्या हातात लावू नका. डावीकडून येणारी मोठी शीर महाधमनीच्या फांद्यांसमोरून आडवी जाते आणि दाट कॉन्ट्रास्टची चमक चित्रावर रेघा ओढते. पाय किंवा उजवा हात. ७० ते ८० केव्हीवर किरणोत्सर्ग कमी राहतो. सर्जनला तीन गोष्टी हव्या असतात: उगम फुप्फुसधमनीच्या कुठल्या बाजूला, महाधमनीपासून अंतर किती, आणि मध्ये एखादी फांदी आडवी येते का. तेवढं लिहा.

हिप्परगा

ऑपरेशनसाठी सोलापूरहून पुण्याला पाठवायचं तर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा अडीचशे किलोमीटरचा रस्ता. निघताना मास्कने भरपूर ऑक्सिजन द्यावा, रक्तदाब कमी असेल तर २० मिली प्रति किलो सलाइन, असं मला वाटतं.

टाका८शून्य

हिप्परगा, दोन्ही नको. रागावू नका, पण या आजारात दोन्ही उलटतात.

ऑक्सिजन फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करतो. फुप्फुसधमनीचा दाब आणखी पडतो आणि करोनरीतून फुप्फुसधमनीत होणारी रक्ताची चोरी वाढते. ऑक्सिमीटर ९२ ते ९५ दाखवत असेल तर मास्क काढा. श्वासनळीत नळी घातलेली असेल तर जोरजोरात फुगवू नका, कार्बन डायऑक्साइड खाली गेला तरी तेच होतं. आणि फुगलेल्या डाव्या कप्प्यावर (चार किलोच्या बाळात) ८० मिली सलाइन ओतलं तर फुप्फुसात पाणी भरेल. द्यायचंच असेल तर किलोला ५ मिली, हळू, यकृत तपासत. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) किलोला १ मिलिग्रॅम शिरेतून. मिलरिनोन (हृदयाला जोर देणारं औषध) लागलं तर किलोला मिनिटाला ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅम, सुरुवातीचा मोठा डोस न देता. रक्तदाब आधीच खाली असेल तर सोबत थोडं ॲड्रिनलिन. बाळाला रडू देऊ नका, सुया टोचायच्या त्या निघण्याआधी.

हिप्परगा

पटलं. वरचा सल्ला कुणी वापरू नये. सिरिंज पंपाची बॅटरी सोलापुरातच पूर्ण चार्ज करा आणि दुसरी सिरिंज भरून बर्फाच्या नव्हे, साध्या डब्यात ठेवा.

टाका८शून्य

आता दुरुस्ती. पूर्वी डावी करोनरी नुसती बांधून टाकत. चोरी थांबायची, पण हृदय एकाच करोनरीवर राहायचं. आता ती महाधमनीत रोवतात.

छाती मधोमध उघडायची. पंप (हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन) सुरू होईपर्यंत हृदयाला शक्य तितकं कमी हाताळायचं, कारण नुसत्या बोटाच्या स्पर्शाने ते फडफडू शकतं. पंप सुरू झाला की ताबडतोब फुप्फुसधमनीच्या दोन्ही फांद्या आवळायच्या. ही पायरी विसरली तर पंपाचं रक्त करोनरीतून फुप्फुसधमनीत पळतं आणि स्नायू आणखी उपाशी. डाव्या कप्प्यात व्हेंट (रक्त ओढून घेणारी नळी), म्हणजे तो ताणत नाही.

हृदय थांबवणारं द्रावण महाधमनीच्या मुळात दिलं तरी जोडवाहिन्यांतून निसटू शकतं, म्हणून फुप्फुसधमनी उघडल्यावर डाव्या करोनरीच्या तोंडातूनही द्यायचं. मग फुप्फुसधमनी झडपेच्या वर कापायची, उगमाभोवती दोन-तीन मिलिमीटर भिंत ठेवून 'बटण' कापायचं, पाच ते दहा मिलिमीटर मोकळं करायचं आणि महाधमनीच्या डाव्या-मागच्या भिंतीत, भिंतीचंच लहान झापड उघडून, ८-० पॉलिप्रोपिलीनने शिवायचं. बटण सैल बसायला हवं. ताणलं तर चपटं होतं, फिरलं तर पिळतं. रिकाम्या हृदयात चांगलं दिसलेलं भरल्यावर वळू शकतं, म्हणून शेवटचा टाका घ्यायच्या आधी एकदा भरून पाहायचं. फुप्फुसधमनीतलं भोक बाळाच्याच पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीच्या पिशवीच्या) तुकड्याने, जरा मोठा कापून. चिमटून शिवलं तर पुढे तिथेच अरुंद होतं.

उगम फार लांब असेल तर भिंतीची नळी करून लांबी वाढवता येते. १९७९ ची टाकेउची पद्धत फुप्फुसधमनीच्या आतूनच बोगदा काढते. पण बोगदा गळतो किंवा फुप्फुसधमनी अडवतो, म्हणून ती मी राखीवच ठेवीन. मायट्रल झडपेला हात लावायचा मोह टाळा. स्नायूला रक्त मिळालं की गळती बहुधा आपोआप उतरते.

पंपघर

परफ्युजनचे, म्हणजे पंप चालवण्याचे, आकडे, चार किलोच्या बाळासाठी. अंगातलं रक्त सुमारे ३२० मिली, सर्किट भरायला २५० ते ३५० मिली. म्हणजे बाळात जितकं रक्त तितकंच बाहेर नळीत. नुसतं द्रावण भरलं तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) निम्मं होतं, म्हणून सर्किट भरायच्या द्रावणात रक्त घालावंच लागतं. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोला ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप नाही. प्रवाह किलोला १५० मिली, म्हणजे मिनिटाला ६००. डेल निडो (हृदय थांबवणारं द्रावण) किलोला २० मिली. पंपावरून उतरवताना घाई नाही: टाके झाल्यावर हृदयाला रिकामं धडधडू द्या.

रात्रपाळी

आयसीयूची बाजू. छाती एक-तीन दिवस उघडी ठेवलेली असू शकते, वर पारदर्शक पट्टी. नातेवाइकांना ते आत नेण्याआधी सांगा, नाहीतर आई तिथेच कोसळते. ऑपरेशन बिघडलं म्हणून उघडी नसते, सुजलेल्या हृदयाला जागा हवी असते.

मॉनिटरवर इसीजीची एसटी रेघ वर चढली किंवा अचानक अनियमित ठोके आले, तर औषध वाढवण्याआधी सर्जनला बोलवा. करोनरी पिळली असेल तर ती औषधाने सुटणार नाही. लघवी तासाला किलोमागे १ मिलीच्या खाली आणि लॅक्टेट (अंगाला रक्त कमी पडल्याची खूण) चढतंय, तर हृदय पुरं पडत नाही. एकमो (हृदय-फुप्फुसांना काही दिवस विसावा देणारं मशीन) तयार ठेवलेलंच असावं; काही बाळांना दोन-पाच दिवस लागतं आणि नंतर हृदय उभं राहतं. म्हणून एकमो नसलेल्या केंद्रात हे ऑपरेशन घेऊ नये, या मताची मी आहे.

वाडीवस्ती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. २०१३ पासून जन्मजात हृदयदोष या कार्यक्रमात आहेत. अंगणवाडीत पथक येण्याची वाट पाहू नका, तीन महिन्यांचं बाळ तिथे यायचंच नाही. आशाताईने घरभेटीत वजन आणि श्वास नोंदवून थेट जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला. बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसतं आणि सगळं तिथेच अडतं, म्हणून जन्मदाखला पहिल्या आठवड्यातच काढा. ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) निघण्याआधी फोन करून बालहृदय शस्त्रक्रिया योजनेत आहे का ते विचारा. 'योजनेचं रुग्णालय' म्हणजे प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर शेजारच्या बाईला सोबत घ्या. 'धाप' आणि 'घाम' यांतला फरक हातवाऱ्यांनी कळत नाही.

विजापूरवेस

घरी आल्यावर काय जपायचं?

रात्रपाळी

सहा आठवडे काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. मालीशवाल्या बाईला स्पष्ट सांगा, छाती आणि खांदे नाहीत. दूध तीन-तीन तासांनी, बाळ दमलं तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. कपाळावर परत घाम, वजन थांबलं, जखम लाल किंवा ओली, १०० च्या वर ताप: त्याच दिवशी दाखवा. ऑस्पिरिन चालू असताना कांजिण्या किंवा फ्लू झाला तर डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस. ऑपरेशनमध्ये रक्त चढलेलं असतं, त्यामुळे नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस कधी घ्यायची हे कार्डावर लिहून घ्या. पोलिओ आणि पेंटाला अडचण नाही.

कडकभाकरी

'ऑस्पिरिन' नव्हे, ॲस्पिरिन :) बाकी छापून भिंतीवर लावण्यासारखं.

नंदीध्वज

डिस्चार्जनंतरच्या इसीजीत क्यू तशीच राहिली तर? इको सुधारलाय म्हणतात.

सातरस्ता

राहू शकते, काही मुलांत कायमची. मेलेल्या स्नायूचा व्रण असतो तो. इको एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. पंपिंग बहुधा सहा ते बारा महिन्यांत वर येतं. मायट्रलची गळती त्याच्या मागून, जरा रेंगाळत. गळती उतरत नाही किंवा पंपिंग मध्येच परत घसरलं, तर रोवलेलं तोंड अरुंद झालंय का ते सीटीवर पाहायचं. पट्टी जपून ठेवायला सांगा. पाच-सहा वर्षांनी शाळेच्या तपासणीत कुणीतरी ती क्यू पाहून दचकणारच आहे, तेव्हा जुनी पट्टी शेजारी ठेवता येईल.